घासण्यापूर्वी डागाला नाव विचारा

कोणत्याही घरातील मोरीवर सकाळी एक नजर टाकली, तर तेथे धातुविज्ञानाचे एक छोटेसे प्रदर्शनच मांडलेले दिसेल. तपकिरी पडलेला तांब्याचा तांब्या, कडेला हिरवट झाक आलेले पितळेचे पातेले, आतून काळवंडलेला ॲल्युमिनियमचा कुकर, बुडाला निळे-पिवळे डाग पडलेले स्टीलचे भांडे आणि काळाकुट्ट लोखंडी तवा. पाच धातू आणि पाच प्रकारचे डाग! पण या पाचांसाठी आपण वापरतो ती घासणी मात्र एकच. तीच तार, तीच भुकटी आणि तोच जोर. भांडे चकाकले की काम झाले, असे आपण समजतो.

विद्यार्थिमित्रांनो, ही समजूत चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चकाकी ही स्वच्छतेची खूण नव्हे. काही डाग निरुपद्रवी असतात, ते राहू द्यावेत. काही डाग भांड्याचे रक्षण करतात, ते तर मुद्दाम जपावेत. आणि काही डाग असे असतात की, ते दिसताक्षणी त्या भांड्यात अन्न ठेवणे थांबवले पाहिजे. यांतला कोणता डाग कोणता, हे ओळखण्यापुरते विज्ञान आठवी-नववीच्या पुस्तकात आलेले असते. ते पुस्तकातून मोरीपर्यंत मात्र पोचत नाही.

प्रथम मळ आणि डाग यांतील फरक ध्यानात घेऊ. मळ हा बाहेरून येऊन चिकटलेला असतो; तेल, करपलेले अन्न, धूळ ही त्याची उदाहरणे. तो साबणाने, गरम पाण्याने किंवा भिजत ठेवल्याने सुटतो आणि तो काढलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. डाग पुष्कळदा धातूच्याच अंगातून निघालेला असतो. हवेतील ऑक्सिजन, पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, गंधकाची संयुगे यांच्याशी धातूची विक्रिया होऊन पृष्ठभागावर नव्या संयुगाचा पातळ थर तयार होतो. तो थर म्हणजे धातूच होय, फक्त रूप बदललेला. म्हणून डाग घासून काढणे म्हणजे थोडे भांडेच घासून काढणे होय.

तांब्याचे उदाहरण घेऊ. तांब्याचा तांब्या चार दिवसांत मंद तपकिरी होतो, तो ऑक्साइडच्या थरामुळे. या थराचे वजन किती असेल? थराची जाडी १०० नॅनोमीटर धरू. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. तांब्याचे बाहेरील क्षेत्रफळ ५०० चौ. सें.मी. आणि या ऑक्साइडची घनता दर घन सें.मी.ला ६ ग्रॅम घेतली, तर सगळ्या थराचे वजन भरते ०.०३ ग्रॅम. तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढे! एवढ्याशा गोष्टीसाठी आपण वाळू, विटेची भुकटी किंवा तारेची घासणी घेऊन बसतो. विटेच्या भुकटीत आणि वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात. मोज यांच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आणि तांब्याचा सुमारे ३. तेव्हा हे कण थरापाशी थांबत नाहीत. खालचा धातूही खरवडून नेतात.

समजा, रोज घासताना थराबरोबर आणखी १०० नॅनोमीटर जाडीचे तांबे गेले. वर्षाला ३६.५ मायक्रोमीटर, म्हणजे तीस वर्षांत सुमारे १.१ मिलिमीटर! कितीतरी भांड्यांचा पत्राच तेवढ्या जाडीचा असतो. १०० नॅनोमीटर हे मी केवळ हिशेबासाठी धरलेले गृहीतक आहे. खरा आकडा घासणाऱ्याच्या हातावर आणि भुकटीवर अवलंबून राहील. पण जुन्या घरातील तांब्यापितळेची भांडी पातळ होऊन त्यांना चिरा का पडतात, याचा अंदाज यावरून यावा.

हेच काम चिंचेने किंवा लिंबाने केले तर काय होते? चिंचेत टार्टरिक आम्ल आणि लिंबात सायट्रिक आम्ल असते. तांब्याचा ऑक्साइड या आम्लांत सहज विरघळतो. खालचे तांबे मात्र धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या खाली असल्यामुळे या सौम्य आम्लांशी दोन-चार मिनिटांत फारशी विक्रिया करीत नाही. म्हणजे आम्ल नेमका डागच उचलते आणि धातू जागेवर ठेवते. सोबत मीठ टाकण्यातही शहाणपण आहे. मिठातील क्लोराइड आयन सुटलेल्या तांब्याला द्रावणात धरून ठेवायला मदत करतात आणि मिठाचा खडा तांब्याहून थोडा मऊच असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात कोणाला विचारले तरी चिंच-मिठाचा उपाय सांगतील. त्यामागचे कारण हे असे आहे.

पितळेच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्त श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे. आम्लात ते विरघळते. पितळेचे भांडे रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले, तर वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि भांड्यावर गुलाबी-तांबूस चट्टे उठतात. मग आपण म्हणतो, ‘पितळ खराब निघाले!’ पितळ खराब नव्हते, आपले घड्याळ चुकले. दोन-तीन मिनिटे चोळा, भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने लगेच पुसा.

आता हिरवा डाग पाहू. तांब्यापितळेवर ओलसर हवेत बऱ्याच काळाने हिरवा थर चढतो. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभारला, तेव्हा तो तांब्याच्या रंगाचा होता. आज तो हिरवा आहे. या हिरव्या थरानेच त्याचा सुमारे २.४ मि.मी. जाडीचा पत्रा इतकी वर्षे टिकवून धरला आहे. तेव्हा पुतळ्यावरील हिरवा थर कोणी घासायला निघाला, तर त्याला थांबवावे. पण तोच हिरवा रंग ताकाच्या पितळी भांड्यात आतून दिसला, तर ते ताक ओतून द्यावे. ताक, दही, आमटी यांतील आम्ल तांब्याचे क्षार विरघळवते आणि पदार्थ कळकतो. असा पदार्थ पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक तांबे नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. हल्ली तांब्याच्या बाटल्यांची टूम निघाली आहे. त्यांत साधे पाणी ठेवणे वेगळे आणि लिंबाचे सरबत भरून शाळेत नेणे वेगळे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. डाग तोच, जागा बदलली की निर्णय बदलतो!

ॲल्युमिनियमची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कुकरमध्ये नुसते पाणी उकळले की आतून काळपट-राखाडी रंग येतो. आपल्या नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेटे असतात. पाणी उकळताना त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि पाणी किंचित अल्कधर्मी होते. अशा पाण्यात ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर जाड होतो आणि पाण्यातील क्षारांचे अंश त्यात अडकून तो काळा दिसतो. हा डाग घाण नव्हे. त्याने अपाय होत नाही. उलट तो खालच्या धातूला थोडेफार झाकूनच ठेवतो. पुष्कळ घरांत कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची वापरलेली फोड टाकतात. त्यामुळे पाणी अल्कधर्मी होत नाही आणि कुकर काळा पडत नाही. हा उपाय उत्तम आहे, कारण ते पाणी आपण पीत नाही.

परंतु त्याच काळवंडलेल्या भांड्यात चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचे सार शिजवले आणि भांडे ‘आपोआप’ लख्ख झाले, तर आनंद मानू नये. तो काळा थर गेला कोठे? आमटीत! एखाद्या दिवशी असे झाल्याने कोणी आजारी पडत नाही. अन्नातून होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सेवनाला आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याला दर किलोग्रॅम वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. ५० किलो वजनाच्या माणसाला ती १०० मिलिग्रॅम होते. निरोगी मूत्रपिंडे हा धातू बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे निकामी आहेत, त्यांना मात्र जपावे लागते. तेव्हा घाबरून ॲल्युमिनियम फेकून देण्याचे कारण नाही. आंबट पदार्थ स्टीलमध्ये शिजवावा, एवढेच पुरे. आणि ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा कधीही लावू नये. जुन्या ॲल्युमिनियमचा तुकडा धुण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणात टाकून पाहा. बुडबुडे निघतील, ते हायड्रोजनचे. म्हणजे भांडे विरघळू लागले आहे! हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, ज्योतीपासून दूर करावा.

स्टीलच्या भांड्यावरील इंद्रधनुषी डाग तर मला, एक भौतिकीचा शिक्षक म्हणून, फार आवडतात. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. त्यातील क्रोमियमचा ऑक्साइड होऊन अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक थर बनतो आणि तोच पोलादाला गंजू देत नाही. भांडे रिकामे तापले की हा थर वाढतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही रंग वाढतात, काही मावळतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाचा फुगा, पावसात रस्त्यावर सांडलेले तेल आणि तुमच्या दुधाच्या पातेल्याचे बूड, या तिन्ही ठिकाणी तेच चालले आहे. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा असा क्रम दिसतो. थर जसजसा जाड, तसतसा रंग पुढचा. एखादी मोजपट्टी न वापरता नॅनोमीटरमधली जाडी डोळ्यांना दिसावी, यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा कोणती?

हा डाग निरुपद्रवी आहे. नकोसा वाटला तर पाणी घातलेल्या लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसून निघतो. घातक आहे ती तारेची घासणी. लोखंडी तारेचे बारीक कण स्टीलच्या ओरखड्यांत अडकतात आणि गंजतात. मग ‘स्टीलसुद्धा गंजले’ अशी तक्रार येते. तसेच थंड पाण्यात मीठ टाकून भांडे तसेच ठेवू नये. तळाशी बसलेल्या मिठातील क्लोराइडमुळे संरक्षक थराला बारीक छिद्रे पडतात, ती घासून जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ टाकून ढवळावे, म्हणजे झाले.

लोखंडी किंवा बिडाच्या तव्याचा काळेपणा हा तर कमावलेला असतो. तेलाचा पातळ हात तापत तापत त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कठीण बहुवारिकाचा थर तयार होतो. हा थर गंज अडवतो आणि धिरडे सुटे करतो. तो घासून तवा पांढरा करणे म्हणजे वर्षभराची कमाई एका सकाळी उधळणे होय. तांबूस गंज मात्र काढावा, तवा विस्तवावर कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवावे.

चांदीच्या निरांजनाचा काळेपणा हा गंधकाच्या संयुगांनी बनलेल्या सिल्व्हर सल्फाइडचा. तो भुकटीने घासला, तर चांदी फडक्यावर जाते. त्याऐवजी एका काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ती वस्तू ठेवून वरून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घाला. ॲल्युमिनियम आणि सल्फाइड यांचा एक छोटा विद्युतघटच तयार होतो. सल्फाइडचे क्षपण होऊन चांदी पुन्हा चांदीच होते आणि वस्तूवरच राहते. कुजक्या अंड्याचा किंचित वास आला, तर समजावे की गंधक निघाले. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नये.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या आजीला रसायनशास्त्राचे एक अक्षर येत नव्हते, तरी तिची भांडी लखलखत असत. मग हा सगळा खटाटोप कशाला?’ आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आजीला चिंच माहीत होती, राख माहीत होती आणि ती राख तेलकटपणा काढते, हेही माहीत होते. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हे नाव माहीत नसल्याने तिचे काही अडले नाही. अनेक पिढ्यांच्या अनुभवाने ते ज्ञान गाळून निघाले होते. परंतु ते ज्ञान तांब्यापितळेचे आणि लोखंडाचे होते. नंतर दोन-तीन पिढ्यांत स्वयंपाकघरातला धातूच बदलला. ॲल्युमिनियम आले, स्टील आले, न चिकटणाऱ्या लेपाची भांडी आली. नियम तोच राहिला आणि भांडे बदलले. कारण न कळता पाठ केलेला नियम नव्या धातूवर लावता येत नाही. कारण कळले असेल तर येतो. जे चिंच पितळेला करते, तेच ती ॲल्युमिनियमला का करणार नाही, हे कारणावाचून कसे समजावे? आजीच्या अनुभवाचा मान राखावयाचा, तर त्यामागचे कारण शोधणे हाच मार्ग आहे.

कारण न विचारण्याची सवय आजही गेलेली नाही, फक्त सल्ला देणारे बदलले. दूरध्वनीवरून एक उपाय घरोघर फिरतो : लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून डागावर ओता, फेस येईल आणि डाग जाईल. फेस येतो हे खरे. तो कार्बन डाय-ऑक्साइडचा. पण आम्ल आणि सोडा यांनी एकमेकांना उदासीन केले, म्हणजे उरले काय? बरेचसे सोडियम सायट्रेट आणि पाणी! दोन चांगले नोकर एकमेकांशी भांडून दमले आणि काम तसेच राहिले. डाग आम्लाचा असेल तर आम्लच लावा, तेलकटपणा असेल तर सोडा लावा. पण एका वेळी एकच.

आतापर्यंत पाहिलेल्या डागांत चूक झाली, तर बहुधा नुकसान भांड्याचे किंवा एका जेवणाचे. एका ठिकाणी मात्र चूक आरोग्यावर कायमची बेतू शकते. ते ठिकाण म्हणजे कल्हई. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये, म्हणून आतून कथलाचा मुलामा देतात. भांडे तापवून त्यात नवसागर टाकतात. त्याचे उष्णतेने अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते आणि हायड्रोजन क्लोराइड पृष्ठभागावरचे ऑक्साइड काढून टाकते. मग २३२° से. ला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवतात. कथील मऊ असते. म्हणून कल्हईचे भांडे तारेने घासू नये आणि रिकामे विस्तवावर ठेवू नये. आतून तांबूस ठिपके दिसू लागले की पुन्हा कल्हई करावी. हा डाग नव्हे, सूचना आहे.

पण कल्हईवाला आणतो ती कांडी शुद्ध कथलाची आहे काय? कथील महाग आहे; शिसे स्वस्त. जोडकामाच्या कांडीत शिसे आणि कथील दोन्ही असतात. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा मिश्रधातू तर १८३° से. लाच वितळतो आणि दिसायला तितकाच चकचकीत असतो. डोळ्यांना फरक कळत नाही. शिशाची शरीराला निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत अधिक होतो. म्हणजे चकाकी पाहून समाधान मानण्याची सवय येथे खरोखर महागात पडते. मी बहुसंख्य कल्हईवाल्यांवर शंका घेत नाही. हा कष्टाचा आणि कौशल्याचा धंदा मोडकळीस आला आहे आणि बाजारातून आणलेल्या कांडीत काय आहे, हे त्यांनाही पुष्कळदा कळत नसते. म्हणून शाळेने त्यांच्या मदतीला जावे.

ते कसे? आर्किमिडीजचे तत्त्व घ्या. कथलाची घनता ७.२९ आणि शिशाची ११.३४ ग्रॅम दर घन सें.मी. आहे. १०० ग्रॅमची कांडी दोऱ्याने टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात तोला. शुद्ध कथील असेल तर पाण्यात वजन १३.७ ग्रॅमने घटेल. दहा टक्के शिसे असेल तर घट १३.२ ग्रॅम, निम्मे शिसे असेल तर ११.३ ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेतील भौतिक तराजूला हा फरक सहज दिसतो. कांडी लहान असेल, तर त्याच प्रमाणात हिशेब करावा आणि तिच्यात हवेचे पोकळ बुडबुडे नाहीत, हे पाहावे. एक मर्यादा मात्र विसरू नका. एक टक्का शिसे असेल तर घटीत फरक पडतो अवघा ०.०५ ग्रॅमचा. शिवाय जस्तासारखा हलका धातूही मिसळला असेल, तर वजनाची बेरीज जुळून येऊ शकते. म्हणून या परीक्षेत नापास झालेली कांडी नक्की टाकाऊ. पास झालेली शुद्धच आहे असे प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. विज्ञान ‘नाही’ किती ठामपणे म्हणते आणि ‘होय’ किती जपून म्हणते, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

शेवटी एक प्रश्न विचारणे भाग आहे. ही भांडी घासते कोण? २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरातील बिनपगारी कामे करतात, तर पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के. ही कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यांत घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. भांडी हा त्यातला एक भाग. ज्या मुलाला क्रियाशीलता श्रेणी तोंडपाठ आहे, तो भांड्याला हात लावत नाही. आणि जिच्या बोटांना भेगा पडतात, त्या आईला किंवा कामाच्या बाईंना, ‘हा डाग घासू नका, त्याने काही होत नाही’ असे कोणी सांगत नाही. स्टीलवरचे निळे बूड पांढरे करण्यासाठी, कुकरचा निरुपद्रवी काळेपणा घालवण्यासाठी रोज जी मेहनत जाते, ती वाया जाते. आपल्याजवळचे ज्ञान कोणाचे श्रम वाचवू शकत असेल आणि आपण ते वहीतच ठेवले, तर ते ज्ञान मिळवले असे म्हणता येईल काय?

शिक्षकांना माझी विनंती आहे की, धातूंचा धडा शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, घरातले एक डागाळलेले भांडे आणायला सांगावे. प्रत्येक भांड्यापुढे तीन प्रश्न लिहावेत : धातू कोणता? डाग कशाचा? तो राहिला तर बिघडेल काय? उत्तरे लिहून झाली की ज्याने भांडे आणले त्यानेच ते, घासण्याजोगे असेल तर, योग्य पदार्थाने घासावे. आणि सणासुदीला समई-तांब्या लखलखीत दिसावेत, ही हौस कोणी सोडावी असे मी म्हणत नाही. हौस म्हणून जरूर चकाकी आणा, पण ती चिंचेने आणा आणि आपल्या हाताने आणा.